पयोवक्ष, प्रौढांतील

फुप्फुस आणि छातीची भित्ती यांच्यामधील परिफुप्फुस पोकळीत पयोलसीका साठण्याच्या विकारास पयोवक्ष म्हणतात. आतड्यात पचलेल्या मेदाचे सूक्ष्म कण लसीकेत मिसळले म्हणजे ती दुधासारखी पांढरी दिसते. अशा लसीकेस पयोलसीका ही संज्ञा आहे. वैद्यकीय व्यवहारात हा विकार कायलोथोरॅक्स या ग्रीक घडणीच्या नावाने ओळखला जातो. पूयवक्ष, रक्तवक्ष व वातवक्ष यांच्या तुलनेने तो विरळा आहे. तथापि त्याचे स्वरूप असे आहे की, रुग्ण जेवत असतो, अन्न पचतही असते, परंतु त्यातील सर्वांत पौष्टिक अंश रक्तापर्यंत न पोहोचता छातीत साठत राहतो. श्वास कोंडू नये म्हणून तो द्रव काढावा, तर त्याबरोबर शरीराचे पोषण बाहेर जाते. न काढावा, तर फुप्फुस दबते. भरल्या पानावर उपासमार घडविणाऱ्या या विकारात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सु. निम्मे आघातजन्य रुग्ण दगावत. अन्य कारणांनी झालेल्या रुग्णांपैकी फारच थोडे वाचत.

महाराष्ट्रात या विकाराचा विचार करताना नांदेड व लातूर या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांकडे लक्ष जाण्यास सबळ कारणे आहेत. लसीका वाहिन्यांचा सर्वांत मोठा साथरोग जो हत्तीरोग, त्याचा प्रादुर्भाव असलेल्या राज्यातील अठरा जिल्ह्यांत या दोहोंचा समावेश होतो. क्षयरोगाचे प्रमाण देशातील इतर भागांप्रमाणे येथेही मोठे राहिलेले आहे. छातीवरील शस्त्रक्रियेची सोय मात्र या भागापासून दीर्घ काळ शेकडो किलोमीटर दूर होती. त्यामुळे पयोवक्षाच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला येथे स्थानिक अर्थ आहे.

शारीर : दोन्ही पाय, उदर, छातीचा डावा भाग, डावा हात व मस्तकाची डावी बाजू यांतील लसीका वक्षनलिकेत गोळा होते. ही नलिका कमरेच्या वरच्या मणक्यांसमोर असलेल्या एका पिशवीसारख्या भागापासून निघते, महारोहिणीबरोबर मध्यपटलातून छातीत शिरते, कण्याच्या उजव्या अंगाने वर चढते, पाचव्या वक्षीय मणक्याच्या सुमारास डावीकडे वळते आणि मानेच्या मुळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या नीलेत उघडते. प्रौढात तिची लांबी सु. ३८ ते ४५ सेंमी. असते. या वळणामुळे खालच्या भागात नलिका फुटल्यास बहुधा उजवीकडे व वरच्या भागात फुटल्यास डावीकडे द्रव साठतो. नलिकेतून दररोज दीड ते अडीच लिटर द्रव वाहतो व तेलतुपाच्या जेवणानंतर हे प्रमाण आणखी वाढते. आहारातील मेदाचा साठ ते सत्तर टक्के भाग या मार्गाने जातो. त्याशिवाय प्रथिने, मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे आणि रोगप्रतिकारास आवश्यक अशा लसीका कोशिका यांचाही हाच राजमार्ग आहे. गळती काही आठवडे चालू राहिल्यास रुग्ण हाडकुळा होतो, अंगावर सूज येते आणि संसर्गाला प्रतिकार करण्याची शक्ती नाहीशी होते. पयोलसीकेत स्वतः जंतू सहसा वाढत नाहीत. छातीत साठलेली पयोलसीका क्वचितच पुवात बदलते हे त्यामुळेच.

शोधाचा इतिहास : प्राचीन ग्रीक वैद्यांनी आतड्याजवळच्या दुधाने भरल्यासारख्या वाहिन्यांचा उल्लेख केला होता, परंतु त्यांचे कार्य अज्ञात राहिले. जुलै १६२२ मध्ये गास्पारे आझेल्ली या इटालियन शारीरज्ञाने नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याचे जिवंत विच्छेदन केले. त्याला पाहावयाच्या होत्या तंत्रिका व मध्यपटलाच्या हालचाली. दिसल्या त्या आतड्यावरील पांढऱ्या दोऱ्या. प्रथम त्या त्याला तंत्रिकाच वाटल्या. त्यांतील एकीला चाकूचे टोक लागताच दुधासारखा द्रव उसळून बाहेर आला. उपाशी कुत्र्यात या दोऱ्या दिसेनात, तेव्हा अन्नाशी असलेला त्यांचा संबंध त्याच्या ध्यानी आला. त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर १६२७ मध्ये प्रसिद्ध झाला. या वाहिन्या यकृताकडे जातात असे त्याने मानले होते. रक्त यकृतात तयार होते या जुन्या मताचाच तो प्रभाव होय.

ही चूक झां पेके (१६२२–७४) या फ्रेंच वैद्याने दूर केली. कुत्र्याचे हृदय काढून घेतल्यावर महानीलेतून एक पांढरा द्रव येत असल्याचे त्याला आढळले. हा पू असावा, प्राण्याला कोठे तरी गळू झाले असावे, अशी त्याची पहिली समजूत झाली. पुढे शोध घेता हा द्रव छातीतील एका नलिकेतून येतो आणि तिचा उगम उदरातील पिशवीत आहे, हे त्याने दाखविले (१६५१). पयोलसीकेला पू समजण्याची पहिली नोंद अशा रीतीने वक्षनलिकेच्या शोधाबरोबरच झाली. तीच चूक पुढील तीन शतके रुग्णांच्या खाटेपाशी पुनःपुन्हा होत राहिली व अद्याप ती पूर्णतः थांबलेली नाही. पेकेनंतर लवकरच स्वीडनमधील ओलाउस रूडबेक (१६३०–१७०२) आणि डेन्मार्कमधील टॉमस बार्टोलीन (१६१६–८०) यांनी शरीरभर पसरलेल्या लसीका वाहिन्यांचे वर्णन केले. शोधाचा मान कोणाचा यावरून दोघांत कटू वाद झाला. लसीका वाहिन्या हे नाव मात्र बार्टोलीनचे होय.

छातीत पयोलसीका साठल्याचे पहिले वर्णन १६३३ मधील असून ते बार्तोलेत्ती या इटालियन वैद्याचे मानतात, म्हणजे विकाराचे वर्णन वक्षनलिकेच्या शोधाच्या आधीचे आहे. आघाताने नलिका फुटल्याचा विश्वसनीय वृत्तांत जर्मन वैद्य हाइन्‍रिख क्विंक्के यांनी १८७५ मध्ये दिला. तोपर्यंत अशा रुग्णांचे निदान बहुधा मृत्यूनंतरच होई. छातीत पोकळ सुई घालून द्रव काढण्याची रीत रूढ झाल्यावर जिवंतपणी निदान शक्य झाले.

मुंबईतील संशोधन : लसीका वाहिन्या अडल्या वा फुटल्या म्हणजे पयोलसीका भलत्याच ठिकाणी वाहू लागते, या कल्पनेच्या विकासात मुंबईचा वाटा आहे आणि तो पुरेसा परिचित नाही. हेन्‍री व्हॅनडाइक कार्टर (१८३१–९७) हे ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शारीर ग्रंथाचे (१८५८) चित्रकार म्हणून जगाला माहीत आहेत. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी ते मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शारीर व शरीरक्रियाविज्ञान शिकविले आणि पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षे काम केले. १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी लसीका वाहिन्यांचा स्थानिक विकार व दुधी मूत्र यांचा संबंध मांडला. फुगलेल्या लसीका वाहिन्या मूत्रमार्गात फुटतात आणि त्यामुळे मूत्र दुधाळ होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कृमीचा पत्ता तेव्हा कोणालाच नव्हता. केवळ शारीराच्या ज्ञानावरून काढलेले हे अनुमान पुढे बरोबर ठरले. पयोवक्षालाही तेच तत्त्व लागू पडते. फरक एवढाच की, येथे वाहिनी मूत्रमार्गाऐवजी छातीत उघडी पडते.

कृमीचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. पॅरिसमध्ये दमार्के यांना १८६३ मध्ये जलवृषणाच्या द्रवात, तर ब्राझीलमध्ये वूखेरर यांना १८६६ मध्ये दुधी मूत्रात सूक्ष्म डिंभ आढळले. कलकत्त्यात टिमथी लूइस (१८४१–८६) यांनी १८७० मध्ये दुधी मूत्रात व १८७२ मध्ये रक्तात ते दाखविले. प्रौढ कृमी १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट (१८३६–९४) यांना सापडला. वूखेरर व बँक्रॉफ्ट या दोघांची नावे कृमीच्या शास्त्रीय नावात एकत्र आली आहेत. चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन (१८४४–१९२२) यांनी १८७७ मध्ये डासाच्या शरीरात या डिंभांची वाढ होते हे सिद्ध केले. कीटकाच्या द्वारे मानवी रोगाचा प्रसार होतो याचा हा पहिला पुरावा. डास पाण्यात मरतो व ते पाणी प्याल्याने रोग होतो, अशी मॅन्सन यांची समजूत होती. दंशावाटेच डिंभ शरीरात शिरतात हे १९०० मध्ये स्पष्ट झाले. याच मॅन्सन यांच्या प्रेरणेने रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासात हिवतापाचा परजीवी शोधला. नांदेड व लातूर हा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. जगाला डासांचा धोका जेथून कळला त्या शहरापासून तो फार दूर नव्हता, परंतु त्या ज्ञानाचा लाभ तेथे पोहोचण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

नांदेड व लातूर येथील परिस्थिती : गोदावरीकाठचे नांदेड आणि मांजरा खोऱ्यातील लातूर हे भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. ते १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून निर्माण झाला. शेजारचे निझामाबाद, बीदर व गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे जिल्हेही हत्तीरोगग्रस्त असल्यामुळे रोगाचा हा पट्टा राज्यांच्या सीमा मानीत नाही. येथील हत्तीरोग वूखेररिया बँक्रॉफ्टाय या कृमीमुळे होतो आणि क्यूलेक्स जातीच्या डासामार्फत पसरतो. हा डास घाण पाण्यात, उघड्या गटारांत व शोषखड्ड्यांत वाढतो. वाढत्या गावांत नळ आले, परंतु सांडपाण्याची व्यवस्था मागे राहिली, तेव्हा डासाला सोयीची परिस्थिती निर्माण झाली. पायाची सूज लोकांच्या बोलण्यात ‘हत्तीपाय’ व वृषणाची सूज ‘अंडवृद्धी’ म्हणून वावरते. दुधी लघवीकडे मात्र ‘धातू जाणे’ या समजुतीमुळे संकोचाने पाहिले जाते आणि रुग्ण उशिरा येतो.

भारत सरकारचा राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. डिंभ रक्तात रात्रीच मोठ्या संख्येने येत असल्याने रक्ताचे नमुने रात्री घ्यावे लागतात. त्यामुळे हत्तीरोग पथकांचे कर्मचारी दिवेलागणीनंतर घरोघर जाऊन बोटाचे रक्त घेत. डायएथिलकार्बमाझीन हे १९४७ मध्ये उपलब्ध झालेले औषध मुख्य होते. २००४ पासून देशातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत रोगी-निरोगी असा भेद न करता सर्वांना वर्षातून एकदा औषध देण्याची सामुदायिक मोहीम सुरू झाली. पुढे त्यात अल्बेंडाझोलची भर पडली. आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकत्र देण्याची योजना ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम अमलात आली, त्यांत नागपूर होता (२०१९). औषध घेतल्यावर ज्यांच्या रक्तात डिंभ असतात त्यांना मेलेल्या डिंभांमुळे थोडा ताप व अंगदुखी होते. ही औषधाची बाधा समजून गोळ्या टाकून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळली असून मोहिमेपुढील ती मोठी अडचण आहे. वस्तुतः अशा तापातच त्या गोळ्यांची गरज होती हे दिसून येते [⟶ हत्तीरोग].

या पार्श्वभूमीवर छातीतील दुधाळ द्रव पाहिला की, हत्तीरोगाचे निदान करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. हत्तीरोगात लसीका वाहिन्यांची हानी मुख्यतः मध्यपटलाच्या खाली, जांघेत व उदराच्या मागील भागात होते. तेथील दाब वाढून पयोलसीका वृक्काकडे परतते आणि दुधी मूत्र होते. वक्षनलिका स्वतः क्वचितच बंद होते. हत्तीरोगजन्य पयोवक्षाची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात आहेत, पण ती थोडी आहेत. म्हणून हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यातही पयोवक्षाच्या रुग्णात रात्रीच्या रक्ताची तपासणी अवश्य करावी, परंतु तेवढ्यावर थांबू नये. लसीका ग्रंथींचा कर्करोग दुर्लक्षित राहिला, तर रुग्णाचे मोल न भरून येणारे महिने वाया जातात.

कारणे : प्रौढांतील पयोवक्षाची कारणे आघातजन्य व इतर अशा दोन गटांत पाडतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील २०३ रुग्णांच्या अभ्यासात (२००५) सु. निम्म्या रुग्णांत शस्त्रक्रिया वा इजा हे कारण आढळले. ग्रसिका काढून टाकण्याची शस्त्रक्रिया त्यांत अग्रभागी होती, कारण ग्रसिका आणि वक्षनलिका छातीत एकमेकींच्या शेजारून जातात. ग्रसिकेच्या अशा शस्त्रक्रियांपैकी सु. २ ते ४ टक्के शस्त्रक्रियांनंतर हा उपद्रव होतो. मानेवरील व हृदयावरील शस्त्रक्रिया, वाहनांचे अपघात, चाकूची वा गोळीची जखम ही इतर कारणे. कणा एकाएकी मागे वाकल्याने, प्रसंगी जोराच्या खोकल्याने किंवा भरल्या पोटी जड ओझे उचलल्यानेही नलिका फुटल्याची उदाहरणे आहेत. दुखापत व द्रव साठणे यांत दोन ते दहा दिवसांचे अंतर पडते. त्यामुळे अपघातानंतर बरा होऊन घरी गेलेला माणूस आठवड्याने दम लागून परत येतो.

आघाताशिवाय होणाऱ्या पयोवक्षात लसीकार्बुदाचा क्रम पहिला असून कर्करोगजन्य पयोवक्षांपैकी सु. ७० टक्के त्यानेच होतात. भारतात याबरोबर क्षयरोगाचे नाव घ्यावे लागते. छातीच्या मध्यभागातील क्षयबाधित लसीका ग्रंथी फुगून नलिकेवर दाब देतात व तिच्या उपशाखा फुटतात. यकृताच्या दीर्घकालीन विकारात उदरातील पयोलसीका मध्यपटलातून वर झिरपू शकते. तरुण स्त्रियांत फुप्फुसाच्या एका दुर्मिळ विकारात लसीका वाहिन्यांभोवती स्नायुपेशी वाढून पयोवक्ष होतो. वारंवार वातवक्ष होणाऱ्या तरुण स्त्रीत त्याची शंका घ्यावी. काही रुग्णांत कसून शोध करूनही कारण सापडत नाही.

बार्शी येथे १९८७ मध्ये सुरू झालेली कर्करोगनोंदणी ही भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली, तरी लातूरला जवळची आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील कर्करोगाचे विश्वसनीय चित्र प्रथम तिच्यामुळे मिळाले. पयोवक्षाची अशी प्रादेशिक नोंद कोठेच ठेवली जात नाही. विरळ्या रोगांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे.

निदान : पांढरा द्रव दिसला म्हणजे तो पू, आणि मराठवाड्यातील छातीतला पू म्हणजे क्षय, ही साखळी वैद्यकाच्या मनात सहज जुळते. ती तोडण्यास महागडी साधने लागत नाहीत. द्रव परीक्षानळीत भरून उभा ठेवल्यास पयोलसीकेवर सायीसारखा थर येतो. अपकेंद्रण यंत्रात फिरविल्यास पुवातील कोशिका तळाशी बसून वरचा द्रव निवळतो, पयोलसीका पांढरीच राहते. पुवाला दुर्गंधी असू शकते, पयोलसीकेला नसते. निश्चित निदान द्रवातील ट्रायग्लिसराइडांच्या मापनाने होते. एका डेसिलिटरमध्ये ११० मिग्रॅ.पेक्षा जास्त प्रमाण असल्यास पयोवक्ष बहुधा निश्चित, ५० मिग्रॅ.पेक्षा कमी असल्यास बहुधा नाही. मधल्या रुग्णांत मेदकणांचा वेगळा शोध घ्यावा लागतो.

दोन गोष्टींनी मात्र फसगत होते. पहिली अशी की, उपाशी वा कुपोषित रुग्णाचा द्रव पांढरा नसतो. तो पिवळसर किंवा रक्तमिश्रित दिसतो. एका मोठ्या मालिकेत दुधाळ द्रव निम्म्याहून कमी रुग्णांत आढळला. शस्त्रक्रियेनंतर तोंडाने काही न घेणाऱ्या रुग्णाच्या नळीतून स्वच्छ द्रव येतो, त्याला जेवण सुरू करताच तो पांढरा होतो आणि तेव्हा विकार उघडकीस येतो. दुसरी फसगत उलट प्रकारची आहे. जुन्या क्षयजन्य परिफुप्फुसशोथात किंवा संधिवातात वर्षानुवर्षे साठलेला द्रव कोलेस्टेरॉलमुळे दुधाळ दिसतो. त्यास छद्म पयोवक्ष म्हणतात. त्यात वक्षनलिकेचा काहीही संबंध नसतो, परिफुप्फुस जाड झालेले असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोलेस्टेरॉलचे चपटे स्फटिक दिसतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या प्रदेशात हा प्रकार ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे, कारण दोहोंचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत [⟶ क्षयरोग].

उपचारांचा इतिहास : आरंभी सुईने वारंवार द्रव काढणे हाच उपाय होता. प्रत्येक वेळी रुग्णाला श्वास घेता येई आणि प्रत्येक वेळी तो अधिक क्षीण होई. काढलेली पयोलसीका नीलेवाटे परत देण्याचे प्रयोग झाले. काही रुग्णांत त्यांची तीव्र प्रतिक्रिया होऊन मृत्यू ओढवल्याने ती पद्धत मागे पडली. नलिका बांधून टाकावी असे कोणास सुचले नसेल असे नाही, परंतु शरीराचा एवढा मोठा प्रवाह बंद केल्यास प्राणी जगेल का, अशी भीती होती. वक्षनलिकेला पर्यायी मार्ग पुष्कळ असतात आणि ती बांधली तरी लसीका त्या मार्गांनी नीलेत पोहोचते, हे प्राण्यांवरील प्रयोगांवरून कळले. अमेरिकन शल्यचिकित्सक लॅम्पसन यांनी १९४८ मध्ये छाती उघडून वक्षनलिका यशस्वीपणे बांधल्याचा वृत्तांत दिला. आघातजन्य पयोवक्षातील मृत्यूचे प्रमाण त्यानंतर निम्म्यावरून सु. दहा टक्क्यांपर्यंत खाली आले. एका शस्त्रक्रियेने एखाद्या विकाराचे भवितव्य इतके पालटल्याची उदाहरणे थोडी आहेत.

हेच १९४८ हे वर्ष मराठवाड्याच्या मुक्तीचे आहे. त्या वेळी नांदेडच्या रुग्णाला मनमाड–सिकंदराबाद या मीटरमापी लोहमार्गाने हैदराबाद गाठता येई. लातूरच्या रुग्णाला बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी गाडीने कुर्डुवाडी व पंढरपूरमार्गे थेट मिरजेस जाता येई, कारण हा मार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला होता. मिरजेचे मिशन रुग्णालय विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये स्थापन केलेले व दूरवर नावाजलेले होते. तथापि छातीची शस्त्रक्रिया भारतातच तेव्हा बाल्यावस्थेत होती. वेल्लोर येथे तिचा स्वतंत्र विभाग १९४९ च्या सुमारास आकारास येऊ लागला. दररोज लिटरभर पोषण गमावणाऱ्या रुग्णाने असा प्रवास करावयाचा, हे सांगणे सोपे होते.

वैद्यकीय शिक्षण व उपचार यांची केंद्रे मराठवाड्यात हळूहळू उभी राहिली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये, तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये निघाले. लातूरला विवेकानंद रुग्णालय १९६६ मध्ये सुरू झाले. त्याचे एक संस्थापक डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये व लातूरचे २००२ मध्ये स्थापन झाले. यामुळे पयोवक्षाचे निदान, नळी घालून निचरा आणि आहारोपचार हे टप्पे जिल्ह्यातच पार पडू शकतात.

आहारोपचाराची शास्त्रीय बैठक १९६० नंतरची आहे. लांब साखळीची मेदाम्ले लसीकेवाटे जातात. मध्यम साखळीची मेदाम्ले मात्र आतड्यातून सरळ यकृताकडे जाणाऱ्या नीलेत शिरतात. हे ध्यानी घेऊन नेहमीचे तेलतूप बंद करून मध्यम साखळीचा मेद देण्याचा उपचार १९६४ मध्ये हाशिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधी मूत्र व पयोवक्ष या दोहोंसाठी मांडला. तत्त्व सोपे असले, तरी आचरण कठीण आहे. मराठवाड्याच्या आहारात करडईचे व शेंगदाण्याचे तेल, शेंगदाण्याची वा जवसाची चटणी, फोडणीचे वरण हे पदार्थ रोजचे आहेत आणि आजाऱ्याने तूप-दूध खावे ही समजूत पक्की आहे. घरचे लोक मायेने जे देतात त्यानेच गळती वाढते. अशा रुग्णाला ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचे वरण, भात, उकडलेल्या भाज्या, फळे, साय पूर्ण काढलेले दूध व लोणी काढलेले पातळ ताक चालते. नारळाच्या तेलात मध्यम साखळीची मेदाम्ले असतात हे खरे, परंतु त्यातील प्रमुख अशा लॉरिक अम्लाचा बराच भाग लसीकेवाटेच जातो. म्हणून ते तयार औषधी तेलाची पूर्ण जागा घेऊ शकत नाही. गळती तीव्र असल्यास तोंडाने अन्न पूर्ण बंद करून सर्व पोषण नीलेवाटे द्यावे लागते. ही पद्धत १९६८ च्या सुमारास व्यवहार्य झाली. १९९० पासून सोमॅटोस्टॅटिन व नंतर त्याच वर्गातील ऑक्ट्रिओटाइड ही औषधे पयोलसीकेचा प्रवाह कमी करण्यासाठी वापरात आली. त्यांचा गुण काहींना येतो, सर्वांना नाही.

शस्त्रक्रिया केव्हा करावी यावर मतभेद आहेत. दररोज लिटर-दीड लिटरहून अधिक द्रव पाच दिवस येत राहिल्यास किंवा थोडी गळतीही दोन आठवड्यांत न थांबल्यास नलिका बांधावी, असा सामान्य संकेत आहे. ग्रसिकेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पयोवक्षात इतकी वाट पाहू नये, असा अनुभव १९८० नंतरच्या दशकात प्रस्थापित झाला. असे रुग्ण आधीच कर्करोगाने खंगलेले असतात आणि केवळ निचऱ्यावर ठेवल्यास त्यांतील निम्मे दगावत. लवकर शस्त्रक्रिया केल्यास पुष्कळसे वाचतात. शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रुग्णाच्या पोटात साय वा तेल सोडतात. आझेल्लीच्या कुत्र्याप्रमाणेच मग नलिका पांढरी होऊन फुगते आणि फुटलेली जागा दिसते. जागा न सापडली तरी उजव्या बाजूने मध्यपटलालगत महारोहिणी व लगतची नीला यांच्यामधील सर्व ऊतक एकत्र बांधल्यास गळती बहुधा थांबते. ही शस्त्रक्रिया १९९० नंतर दुर्बिणीच्या साहाय्याने छोट्या छेदांतून होऊ लागली. कर्करोगजन्य पयोवक्षात नलिका बांधण्यापेक्षा छातीत शुद्ध शंखजिऱ्याची भुकटी सोडून फुप्फुस भित्तीला चिकटविणे अनेकदा सोयीचे पडते.

अलीकडील मोठा बदल शल्यक्रियेबाहेरचा आहे. लसीका वाहिन्यांत रंजक द्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेण्याची रीत ब्रिटिश शल्यचिकित्सक किनमंथ यांनी १९५० नंतर रूढ केली. तिच्या आधारे अमेरिकेतील कॉन्स्टंटिन कोप यांनी १९९० नंतरच्या दशकात पोटातून बारीक सुईने वक्षनलिकेत शिरून ती आतून बंद करण्याची पद्धत विकसित केली. रंजक द्रव्यातील तेलामुळेच कित्येकदा छिद्र बुजते, असेही आढळले. ही पद्धत मोजक्याच केंद्रांत उपलब्ध असून नांदेड-लातूरच्या रुग्णाला तीसाठी हैदराबाद, पुणे वा मुंबई या शहरांकडे पाहावे लागते.

फलानुमान : रुग्णाचे भवितव्य गळतीच्या प्रमाणापेक्षा तिच्या कारणावर अधिक अवलंबून असते. आघातजन्य पयोवक्ष वेळीच उपचार झाल्यास बहुतेकांत पूर्ण बरा होतो. थोडी गळती केवळ आहार व निचरा यांनी थांबते. क्षयजन्य प्रकारात क्षयाच्या औषधांबरोबर मेदवर्ज्य आहार दिल्यास ग्रंथी आकसून गळती बंद होण्याची आशा असते, मात्र औषधे सहा महिने वा अधिक काळ अखंड घेतली पाहिजेत. लसीकार्बुदात रासायनी व प्रारण चिकित्सेला अर्बुद कसा प्रतिसाद देते यावर सर्व अवलंबून आहे. इतर पसरलेल्या कर्करोगांत पयोवक्ष हे बहुधा अखेरच्या टप्प्याचे लक्षण असते आणि श्वास सुसह्य करणे एवढेच उद्दिष्ट उरते. हत्तीरोगजन्य प्रकारात कृमिनाशक औषधे नवी हानी रोखतात, फाटलेली वाहिनी सांधत नाहीत.

नीलेवाटे पोषण, अतिदक्षता विभागातील दिवस आणि छातीची शस्त्रक्रिया यांचा खर्च शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतो. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होता. लातूरसह उरलेल्या जिल्ह्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोहोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मोठ्या शस्त्रक्रियांचा भार तिने पुष्कळ हलका केला आहे. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या निचऱ्याच्या काळात रुग्णाजवळ थांबणाऱ्या नातलगाची बुडणारी मजुरी मात्र कोणत्याही योजनेत धरलेली नाही, आणि उपचार अर्धवट सोडून घरी जाण्याचे ते एक नेहमीचे कारण असते.